इंग्रजी शब्दांची पुंजी



व्याख्यानमालेची पत्रिका हाती पडल्यावर आपल्यापैकी काही जणांना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलावे. विद्यार्थ्यांनी इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा हा विषय एखाद्या प्राध्यापकाचा. परवा बाजारात एका वकीलसाहेबांनी मला तसे विचारलेही. "काय हो, संप सोडून शब्दांच्या मागे कधीपासून लागलात?" मी म्हटले, "साहेब, एका शब्दाने दगा दिला म्हणून तर मी संघटनेत आलो." ते हसले, परंतु मी थट्टा करीत नव्हतो. ती हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे या विषयाशी माझा संबंध काय हे आपल्या ध्यानात येईल.

माझे वडील मुंबईत गिरणीकामगार होते. १९८२ च्या जानेवारीत कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षी आमचे बिऱ्हाड गावी परत आले. त्या काळी मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी असे. पाचवीत माझे इंग्रजी सुरू झाले आणि सातवीत माझी शाळा सुटली. म्हणजे इंग्रजीची माझी कमाई दोन-अडीच वर्षांची. तेवढ्यात मी मुळाक्षरे, आठवड्याचे वार, आणि 'धिस इज अ कॅट' एवढे शिकलो. पुढे या गावात आल्यावर एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. माझ्या शेजारच्या लेथवर एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. लेथ कसा चालवावा हे मला त्यांनी शिकवले. त्यांच्या हातचा जॉब कधी परत आला नाही अशी त्यांची ख्याती होती.

एके दिवशी तात्यांच्या मशिनवर मोठी मोडतोड झाली. चूक कोणाची याची शहानिशा झाली नाही. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावून सांगितले, "तात्या, तुम्हाला दुसऱ्या मशिनवर घालू." आणि दुपारी ऑफिसातून एक कागद आला. इंग्रजीत टाइप केलेला, अर्ध्या पानाचा. तात्या कागद घेऊन माझ्याकडे आले. मी तरुण, तीन यत्ता का होईना इंग्रजी शिकलेला. मी बोट ठेवून एक एक अक्षर लावीत गेलो. बाकीचे काही लागेना, पण एक शब्द लख्ख ओळखीचा निघाला. 'चार्ज'. 'आय ॲक्सेप्ट द चार्जेस' असे ते होते. आता चार्ज हा शब्द कोणत्या कामगाराला ठाऊक नाही? शिफ्ट बदलली की आम्ही चार्ज देतो, चार्ज घेतो. मी म्हणालो, "तात्या, नव्या मशिनचा चार्ज देताहेत तुम्हाला. करा सही." तात्यांनी सही केली.

आपण ओळखलेच असेल. 'चार्जेस' म्हणजे आरोप. तात्यांनी आपल्यावरचे सगळे आरोप कबूल केल्याचा तो कागद होता. पुढे चौकशी झाली तेव्हा तो पहिल्या नंबरावर होता. तात्यांची नोकरी गेली. प्रकरण कामगार न्यायालयात गेले आणि नऊ वर्षे चालले. शेवटी तडजोडीत जे हाती आले ते देणी भागवायलाही पुरले नाही. एका शब्दापायी हे झाले, आणि तो शब्द वाचून दाखवणारा मी होतो.

त्यानंतर मी शब्दकोश विकत घेतला. माणूस पश्चात्तापात जे करतो तेच मी केले. म्हणजे पहिल्या पानापासून पाठ करायला लागलो. रोज दहा शब्द. दहा गुणिले तीनशे पासष्ट, म्हणजे वर्षाला तीन हजार सहाशे पन्नास, असा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. तो शब्दकोश आजही आमच्या संघटनेच्या कार्यालयात आहे. त्याच्या कडा पाहा. 'ए' आणि 'बी'ची पाने बोटांच्या तेलाने काळी पडली आहेत, 'सी'ची जरा उजळ आहेत, आणि 'एम'च्या पुढे पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. पाठ केलेल्यांपैकी आज किती आठवतात म्हणाल, तर जे पुढे कुठेतरी पुन्हा भेटले तेवढेच. बाकीचे बिनभाड्याच्या पाहुण्यासारखे चार दिवस राहून निघून गेले.

माझ्यासारखेच आज कितीतरी विद्यार्थी करतात. एस. टी. स्टँडवर, रेल्वेत, 'इतक्या दिवसांत इतके हजार शब्द' अशी पुस्तके मिळतात. आईबाप पोटाला चिमटा काढून ती घेतात. मुलगा पाठ करतो, घडाघडा म्हणून दाखवतो, आणि बापाला वाटते, मुलगा इंग्रजीत तरबेज झाला. मुलाला पोस्टात नेऊन एक फॉर्म भरायला सांगा म्हणजे खरे काय ते कळेल. हा दोष मुलाचा नव्हे. गवंड्याला विटांची संख्या पाठ करून भिंत येत नाही. वीट कोणत्या विटेशेजारी बसते हे त्याला हातांनी कळावे लागते.

इंग्रजीत शब्द तरी किती? ऑक्सफर्डचा मोठा कोश १९२८ साली पुरा झाला तेव्हा त्यात चार लाखांच्या वर शब्दांच्या नोंदी होत्या. हा आकडा ऐकून विद्यार्थी खचतो. परंतु त्या कोशाचे संपादक सर जेम्स मरे यांची हकीकत ऐकली म्हणजे धीर येतो. स्कॉटलंडमधल्या एका शिंप्याचा हा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली, कारण पुढे शिकवण्याची घरची ऐपत नव्हती. तो स्वतःच शिकत गेला, आणि १८७९ पासून १९१५ साली मरेपर्यंत त्याने इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशाचे काम वाहिले. आणि ते एकट्याने केले नाही. शेकडो साध्या वाचकांना आवाहन करून, वाचताना भेटलेला शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवून पाठवा असे त्याने सांगितले. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या आणि त्यांवर कोश उभा राहिला. मला यात दोन धडे दिसतात. एक, शब्द वाक्यासकट टिपायचा. दुसरा, हे काम दहा जणांनी मिळून केले तर हलके होते.

आता, चार लाखांपैकी आपल्याला किती लागतात? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत एक गृहस्थ असे आहेत की त्यांचे काम आपल्याच उपखंडात झाले. मायकेल वेस्ट हे त्यांचे नाव. इंग्रजांच्या अमदानीत ते ढाक्याला शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात होते. त्यांनी पाहिले की बंगाली मुले इंग्रजी शिकायला मोठ्या संख्येने बसतात आणि शेवटपर्यंत फार थोडी टिकतात. तेव्हा त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. आपल्यापैकी ज्यांनी विमा अर्ध्यावर मोडला असेल त्यांना हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. हप्ते मध्येच थांबले तर हातात काय पडते, ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्टसाहेबांनी विचारले, जो मुलगा तिसऱ्या वर्षी शाळा सोडणार आहे, त्याच्या तीन वर्षांच्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू काय? १९२६ साली त्यांचा द्विभाषिकत्वावरचा ग्रंथ निघाला. ते वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. माझ्या अडीच वर्षांच्या हप्त्यांची सरेंडर व्हॅल्यू काय होती ते मला ठाऊक होते. तात्यांच्या सहीच्या वेळी ती मी मोजली होती.

वेस्टसाहेबांनी उपाय असा केला की मुलांच्या वाचनाच्या पुस्तकांतून क्वचित भेटणारे शब्द काढून त्या जागी नेहमी भेटणारे शब्द घातले, आणि एका पानावर नवे शब्द मोजकेच येतील असे पाहिले. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. नित्याच्या इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे ते शब्द. न्यूझीलंडचे पॉल नेशन या अभ्यासकांनी पुढे हा हिशेब आणखी केला. तो असा की, साध्या छापील मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द या दोन हजार शब्दकुळांत बसतात. शब्दकूळ म्हणजे एक शब्द आणि त्याची पोरेबाळे: वर्क, वर्कर, वर्किंग, वर्क्ड. ही सगळी मिळून एक कूळ.

८० टक्के ऐकून आपल्याला वाटेल, काम फत्ते. पण जरा थांबा. तीनशे शब्दांचे पान घ्या. ८० टक्के येतात म्हणजे साठ शब्द येत नाहीत. एका पानावर साठ खड्डे! त्या रस्त्याने बैलगाडीसुद्धा जाणार नाही. कोणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचे तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे पानावर सहा खड्डे. तेवढे चुकवत माणूस जातो. आणि वर्तमानपत्र किंवा कादंबरी अशी सुखाने वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळे लागतात.

यातून विद्यार्थ्याने काय घ्यावे? पहिले असे की, आधी ते दोन हजार पक्के करावेत. 'गेट', 'टेक', 'चार्ज', 'अकाउंट', 'टर्न' असले साधे शब्द. हे आम्हाला येतात असे वाटते आणि तिथेच घात होतो. अनोळखी शब्दापुढे माणूस थांबतो, कोणाला तरी विचारतो. ओळखीच्या शब्दापुढे तो थांबत नाही. मला 'चार्ज' हा शब्द मुळीच ठाऊक नसता, तर मी तात्यांना म्हणालो असतो, "सही करू नका, मास्तरांना विचारू." मला तो अर्धा ठाऊक होता, त्या अर्ध्याने घात केला. म्हणून मी मुलांना सांगतो, नव्या शंभर शब्दांच्या आधी जुन्या दहांची नीट चौकशी करा.

चौकशी कशी करायची? शब्द कोणाच्या संगतीत आहे ते पाहायचे. माणसाची पारख संगतीवरून, तशीच शब्दाची. 'टेक चार्ज' म्हणजे सूत्रे हाती घेणे. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट. 'चार्ज द बॅटरी' सगळ्यांना माहीत. 'ॲक्सेप्ट द चार्जेस' म्हणजे आरोप कबूल करणे. शब्द एक, बिऱ्हाडे चार. वहीत नुसते 'चार्ज म्हणजे आरोप' असे लिहिणारा विद्यार्थी उद्या बॅटरीवर आरोप ठेवील.

दुसरी गोष्ट मला एका मुलीने शिकवली. आमच्या कार्यालयात रविवारी सकाळी अभ्यासवर्ग चालतो. तेथे एका कामगाराची मुलगी येऊ लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, चांगले गुण, आणि अकरावीला विज्ञान शाखा; तेथे सगळी पुस्तके एकदम इंग्रजी. अशा मुलामुलींची काय अवस्था होते हे येथे बसलेल्या पालकांना सांगायला नको. दिवाळीपर्यंत ती शाखा बदलायच्या गोष्टी बोलू लागली. मी मोठ्या उत्साहाने शास्त्रीय शब्दांची यादी करून तिला दिली: फोटोसिंथेसिस, क्लोरोफिल, व्हेलॉसिटी. दुसऱ्या रविवारी तिने यादी परत आणून दिली. म्हणाली, "काका, हे शब्द अडत नाहीत. हे पुस्तकातच समजावून दिलेले असतात, सरही सांगतात. मला अडवतो तो 'रिस्पेक्टिव्हली'. तो कोणीच सांगत नाही."

मी चाटच पडलो. पोर खरे बोलत होती. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. 'व्हेअराज' म्हणजे याउलट. 'हेन्स' म्हणजे म्हणून. 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणजे या अटीवर की. 'अकाउंट फॉर' म्हणजे कारण देणे. त्यात बँकेचे खाते कुठेच नाही. हे शब्द जीवशास्त्राचे नव्हेत, पदार्थविज्ञानाचे नव्हेत. ते सगळ्या विषयांचे सांधे आहेत. प्रत्येक शिक्षकाला वाटते, हे इंग्रजीच्या सरांनी सांगितले असतील, आणि इंग्रजीच्या सरांना कवितेतून सवड नसते. न्यूझीलंडच्याच ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषीने २००० साली विद्यापीठांतील ग्रंथ चाळून अशा अभ्यासी शब्दांची ५७० कुळे वेगळी काढली. अभ्यासाच्या पुस्तकांत सुमारे दहा टक्के शब्द याच कुळांतले असतात. दोन हजार नित्याचे आणि वर हे ५७०. एवढी पुंजी झाली म्हणजे अकरावीच्या मुलाला पुस्तकात वाट दिसू लागते. त्या मुलीने अशा सांध्याच्या शब्दांची स्वतःची यादी स्वतःच्या पुस्तकांतून केली. ती शाखा बदलली नाही. तिची वही आता वर्गात नव्या मुलांच्या हातांतून फिरते.

तिसरी गोष्ट: आपल्या घरात काय आहे ते आधी मोजावे. आपल्यापैकी कोणीही इंग्रजीत कंगाल नाही. आमच्या वर्गात नवा माणूस आला की मी त्याला विचारतो, "तुला इंग्रजी किती येते?" तो म्हणतो, "काहीच नाही." मग मी त्याच्याकडून कारखान्यातले शब्द लिहवून घेतो. शिफ्ट, मस्टर, ओव्हरटाइम, इन्स्पेक्शन, रिजेक्शन, टॉलरन्स. दोनशे शब्द सहज होतात. आता त्यांतलेच दोन उकलू. 'इन्स्पेक्शन'मध्ये 'स्पेक्ट' आहे. ते लॅटिन भाषेतले पाहणे. आत डोकावून पाहणे ते इन्स्पेक्ट. वळून पुन्हा पाहावेसे वाटते तो रिस्पेक्ट, म्हणजे आदर. खालून तिरके पाहणे तो सस्पेक्ट, म्हणजे संशय. पाहणारा तो स्पेक्टेटर. आणि पाहण्याचे साधन ते स्पेक्टॅकल्स, आमच्या वयाच्या माणसांच्या नाकावर असते ते. 'रिजेक्शन'मध्ये 'जेक्ट' म्हणजे फेकणे. मागे फेकला तो रिजेक्ट, आत फेकले ते इंजेक्शन, बाहेर फेकले ते इजेक्ट. टॉलरन्स तर फारच सुंदर. आमच्या लेथवर टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक. समाजात टॉलरन्स म्हणजे आपल्याहून निराळ्या माणसाला सामावून घेणे. यंत्रातला थोडा फरक सोसला नाही तर यंत्र अडकते, समाजाचेही तसेच.

कष्टकऱ्याला तर इंग्रजी शब्दांचा इतिहास वाचताना आपलीच माणसे भेटतात. 'स्ट्राइक' म्हणजे संप, हा शब्द कोठून आला? १७६८ साली लंडन बंदरातल्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शिड उतरवणे याला ते 'स्ट्राइक' म्हणत. शिडे उतरली, जहाजे थांबली, आणि काम बंद ठेवण्याला तोच शब्द पडला. 'बॉयकॉट' हे आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचे आडनाव. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला; त्याची पिके कापायला माणूस मिळेना, आणि त्याचे आडनाव क्रियापद होऊन बसले. 'कॉम्रेड' हा स्पॅनिशमधून आला. मूळ अर्थ एका खोलीत राहणारा. गिरणगावात एका खोलीत पंधरा-पंधरा माणसे राहत; ती या अर्थाने आधीच कॉम्रेड होती. 'कंपनी' या शब्दाच्या मुळाशी 'सोबतीने भाकरी खाणारे' असा अर्थ आहे. हे मी वाटाघाटींच्या वेळी साहेबांना सांगत असतो! 'सॅलरी'च्या मुळाशी मीठ आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा वाक्प्रचार मग काही निराळा समजावून द्यावा लागत नाही.

आणि देवघेव दोन्हीकडून आहे. इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मुंगसावरून गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या गंभीर इंग्रजीत 'बदली वर्कमन' असा शब्दप्रयोग आला. गिरणीच्या दारात सकाळी उभा राहणारा आमचा बदली कामगार आपला शब्द घेऊन कायद्यात जाऊन बसला. तेव्हा इंग्रजीपुढे न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. आपलीही थोडी ठेव तिच्यात आहे.

मात्र आपल्या घरच्या इंग्रजी शब्दांबाबत एक सावधगिरी हवी. मराठीत आल्यावर ते शब्द आपले झाले, त्यांचे अर्थही बदलले. आपण हॉटेलात भजी खातो. इंग्रजी माणूस हॉटेलात मुक्काम करतो. आपले विद्यार्थी शिक्षकांना म्हणतात, 'आय हॅव अ डाउट', म्हणजे मला एक विचारायचे आहे. इंग्रजाला वाटते, याचा माझ्यावर विश्वास नाही. मराठी बोलताना मराठीतला अर्थ बरोबर आहे, त्याची लाज नको. इंग्रजी लिहिताना तेवढे थांबून पाहावे.

आता प्रत्यक्ष रीत. आमच्या वर्गात वहीचे पान उभे दुमडतो. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेव्हा एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी असे छापले. तीच रीत. एका बाजूला इंग्रजी शब्द, तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट. दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, आणि खाली आपल्या आयुष्यातले स्वतःचे एक वाक्य. हे तिसरे विसरायचे नाही. 'रिफ्यूज' शब्दाखाली एका मुलाने लिहिले, 'माय फादर रिफ्यूज्ड टु टेक डाउरी.' तो शब्द तो जन्मात विसरणार नाही. रोज दहा नकोत, पाच पुरेत. पण ते पाच दुसऱ्या दिवशी पाहायचे, आठवड्याने पाहायचे, महिन्याने पाहायचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते, आणि उजळणी अंतराअंतराने केली तर कमी श्रमात टिकते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. सगळे पाणी एकाच दिवशी सोडून पीक येत नाही. पाळ्या द्याव्या लागतात.

आणि वाचावे. आपल्या इयत्तेच्या खालचे वाचावे. पानावर पाच-सहाच शब्द अडतील असे पुस्तक निवडावे. अकरावीच्या मुलाला सहावीचे इंग्रजी पुस्तक वाचायची लाज वाटते. मी चाळिशीत माझ्या मुलाची पुस्तके वाचीत असे. मला लाज वाटली नाही, कारण लाज कशाची वाटायला हवी होती ते मला आधीच कळले होते.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, शब्द टाकला की अर्थ हजर. हे सोयीचे आहे, मीही वापरतो. परंतु यंत्राला शब्दामागचा माणूस दिसत नाही. नुसता 'चार्जेस' शब्द टाकला तर ते 'शुल्क' असेही सांगेल. मग तात्यांनी फी भरायची समजून सही केली असती. पाच अर्थांतला कोणता घ्यायचा हे शेवटी वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि त्यासाठी आजूबाजूचे वाक्य समजावे लागते.

येथे एक शंका मला दिसते. मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजीची एवढी भलावण कशाला? बंधुभगिनींनो, तात्यांपुढे तो कागद मराठीत यायला हवा होता, ही माझी पहिली मागणी आहे आणि ती मी सोडलेली नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानेच सांगितले होते की कारखान्यातले नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत ठळक जागी लावले पाहिजेत. तो कायदा आम्ही वारंवार दाखवीत आलो. परंतु हक्काची भांडणे चालू असताना कागद यायचे थांबत नाहीत. म्हणून दोन्ही हवे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो मराठी कवितेतूनच धरला. ज्यांना ज्ञानाची दारे बंद होती त्यांना ती उघडावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. शिवाय माझा अनुभव असा की, ज्या मुलाचे मराठी चांगले त्याचे इंग्रजी लवकर सुधारते. 'अनुक्रमे' हा शब्द ज्याला माहीत आहे त्याला 'रिस्पेक्टिव्हली' एका मिनिटात सांगता येतो. ज्याला दोन्ही माहीत नाहीत त्याला काय सांगणार?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे माझ्या अडीच वर्षांच्या जागी आजच्या मुलाला दहा वर्षे मिळतात. हप्ते चौपट झाले. पण सरेंडर व्हॅल्यू? हा प्रश्न वेस्टसाहेबांनी ढाक्यात विचारला, तो आपण या गावात विचारला पाहिजे. शाळेने काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. गावाने काय करावे हे सांगतो. आपल्या वाचनालयात जाडजूड इंग्रजी ग्रंथांची कपाटे आहेत. त्यांतले एक कपाट सोप्या इंग्रजी पुस्तकांचे करावे आणि ते मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर ठेवावे. निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या मंडळींनी आठवड्याचा एक तास द्यावा. आणि तिसरी गोष्ट फुकट आहे: मूल इंग्रजी चुकले तर हसू नये. आमच्या वर्गात हसणाऱ्याला चहाचे पैसे भरावे लागतात. पहिल्या महिन्यात बराच चहा झाला; आता आमचा आम्हालाच करावा लागतो.

शेवटी तात्यांचे सांगतो. निकाल लागून गेल्यावर काही वर्षांनी ते एका रविवारी वर्गात येऊन मागे बसले. योगायोग असा की फळ्यावर त्या दिवशी 'चार्ज' हाच शब्द होता. मी त्याचे सगळे अर्थ सांगितले, मुलांनी वाक्ये केली. वर्ग सुटल्यावर तात्या जवळ आले. मला वाटले, आता हे मला बोलतील, आणि त्यांनी बोलावे असेही वाटले. ते फळ्याकडे पाहत म्हणाले, "एवढ्याशा शब्दाला एवढे अर्थ? मग तुझी तरी काय चूक, पोरा." त्यांनी मला माफ केले. मी स्वतःला पुरते केलेले नाही. मात्र पुढच्या रविवारी ते नातवाला घेऊन आले आणि त्याला पहिल्या ओळीत बसवले.

वर्ग रविवारी सकाळी नऊला असतो. फी नाही. एक वही आणावी, आणि आठवड्यात जो इंग्रजी शब्द अडला असेल तो वाक्यासकट लिहून आणावा. मोठ्यांनीही यावे, मागच्या बाकावर जागा आहे.